कुत्र्याच्या जेवणातलं अंदाजपंचे: या चुका टाळा

"चिकन-भात तर रोज देतो, आणखी काय हवं?" या प्रश्नाला उत्तर द्यायचाही आता कंटाळा येतो. कुत्रा आवडीने खातो, भांडं चाटूनपुसून लख्ख करतो, शी घट्ट होते, म्हणजे आहार उत्तम, असा हिशेब मांडला जातो. आहारातली उणीव चार दिवसांत दिसत नसते. ती महिनोन्महिने साचते आणि दिसते तेव्हा हाड मोडलेलं असतं, नाहीतर कातडीचा पार विचका झालेला असतो.

घरी शिजवायला आमची ना नाही. ना आहे ती अंदाजपंचे शिजवायला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून जमवलेल्या घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला, बहुतेकींत एकाहून जास्त. त्यांतल्या बऱ्याच पाककृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. तेव्हा फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून पातेलं चढवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

चिकन-भाताचा हिशेब एकदा मांडून बघा

नसबंदी झालेला, १० किलोचा प्रौढ कुत्रा घ्या. दिवसभरासाठी शिजवलेलं बिनहाडाचं, कातडी काढलेलं छातीचं चिकन २०० ग्रॅम, शिजवलेला भात १५० ग्रॅम, गाजर ६० ग्रॅम आणि चहाचा एक चमचा तेल. सगळं मिळून साधारण ६०० कॅलरी होतात. ताकद पुरेशी, प्रथिनं भरपूर, कुत्रा खूश.

आता कॅल्शियम मोजा. चिकन, भात आणि गाजर मिळून जेमतेम ६५ मिलिग्रॅम. प्रौढ कुत्र्याला हजार कॅलरींमागे किमान १.२५ ग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे या जेवणात ते ७५० मिलिग्रॅम असायला हवं. दुसऱ्या बाजूला चिकनमधून आणि भातातून फॉस्फरस आलाय सुमारे ५४० मिलिग्रॅम. कॅल्शियम हे फॉस्फरसच्या बरोबरीने ते दुपटीपर्यंत असावं असा नियम आहे. इथे उलट फॉस्फरसच आठपट.

रक्तातलं कॅल्शियम खाली गेलेलं शरीराला परवडत नाही. मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांकडून उचल घेतात, रोज थोडी थोडी. प्रौढ कुत्र्यात हे बरेच महिने लपून राहतं. पिल्लात काही आठवड्यांतच पाय वाकतात, चालायला नको वाटतं आणि सोफ्यावरून मारलेल्या साध्या उडीनेही हाड मोडतं. जबड्याचं हाड मऊ पडून दात हलायला लागतात.

यावर अंड्याचं कवच चालतं, पण चुरडून टाकलेलं नव्हे. कवच धुवून दहा मिनिटं उकळा, पूर्ण वाळवा, मिक्सरमध्ये पिठासारखं बारीक करा आणि चाळून घ्या. जाडे तुकडे नीट पचत नाहीत आणि घशाला टोचतात. या पुडीच्या एका ग्रॅममधून साधारण ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. वरच्या जेवणाला १.८ ग्रॅम पुरे. हे चिमटीने मोजायचं काम नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. हाडांची पूड इथे कामाची नाही, कारण तिच्यातून कॅल्शियमसोबत आणखी फॉस्फरस येतो.

आणि एवढं करून सुटलो असं समजू नका. कवचाने एकच भोक बुजतं. जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व, कोलीन यांची उणीव तशीच राहते. त्यासाठी कुत्र्यांच्या घरी शिजवलेल्या जेवणाकरताच बनवलेलं खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण लागतं आणि ते ज्या पाककृतीसाठी ठरवलंय तिच्यातच घालायचं. माणसांची मल्टिव्हिटॅमिनची गोळी अर्धी करून देऊ नका. तिच्यातली प्रमाणं वेगळी असतात आणि काही गोळ्यांत झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ, असतो, त्याबद्दल पुढे येईलच.

पशुवैद्यक आहारतज्ज्ञाकडून पाककृती बनवून घेतल्यावर तीत परस्पर फेरफार करणारे तर जास्तच वैताग आणतात. "छातीचं मिळालं नाही म्हणून कातडीसकट मांडीचं घातलं." झालं, चरबी कितीतरी पटींनी वाढली. "यकृत पौष्टिक म्हणून जरा जास्त टाकलं." यकृतात अ जीवनसत्त्व इतकं असतं की एकूण आहाराच्या ५ टक्क्यांवर जाऊच नये. एवढा काटेकोरपणा जमणार नसेल तर प्रांजळपणे मान्य करा आणि पाकिटावर ‘संपूर्ण व संतुलित’ लिहिलेलं खाद्य द्या. घरचं शिजवलेलं त्याच्यावर दिवसाच्या १० टक्के कॅलरींपुरतंच. कुत्र्याचं काही अडत नाही.

पिल्लाला वरून कॅल्शियम: हौसेने केलेलं नुकसान

वरची चूक कमी देण्याची. ही जास्त देण्याची आणि आमच्या मते जास्त चीड आणणारी, कारण इथे पैसे खर्चून आजार विकत घेतला जातो. क्रम जवळजवळ नेहमी सारखाच असतो.

दोन महिन्यांचं ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डचं पिल्लू घरी येतं. खाद्य चांगलं निवडलेलं असतं, पिल्लांसाठीचं, संपूर्ण. मग कुणीतरी जाणकार भेटतो: "एवढी मोठी जात, हाडं मजबूत नकोत का?" सिरप सुरू होतं. सिरप पातळ वाटतं म्हणून पावडरही. चौथ्या महिन्यात पुढचे पंजे किंचित बाहेर वळलेले दिसतात. यावर घरच्यांचा निष्कर्ष काय, तर कॅल्शियम कमी पडतंय! डोस दुप्पट. पाचव्या महिन्यात पिल्लू लंगडायला लागतं, सकाळी उठताना कण्हतं. एक्स-रे काढला की सांध्यांतली कुर्चा आणि हाडांची वाढ बिघडलेली दिसते. काहींना शस्त्रक्रिया लागते, काहींचा पाय कायमचा वाकडा राहतो.

कारण सरळ आहे. प्रौढ कुत्र्याच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम अडवता येतं. साधारण सहा महिन्यांखालच्या पिल्लाला ते नीट जमत नाही, जितकं पोटात जाईल त्यातलं बरंच शोषलं जातं. म्हणून मोठ्या जातींच्या वाढीच्या खाद्यात कॅल्शियमला खालची मर्यादा आहे तशी वरचीही: हजार कॅलरींमागे किमान ३ ग्रॅम, कमाल ४.५ ग्रॅम. खाद्यात आधीच ३.५ ग्रॅम असेल आणि तुम्ही २ ग्रॅम वरून ओतलं, तर झाले ५.५.

उपाय? काहीही घालू नका. प्रौढ झाल्यावर ३२ किलोच्या वर जाणाऱ्या जातीचं पिल्लू असेल तर पाकिटावर मोठ्या जातींच्या वाढीसाठी योग्य असा स्पष्ट उल्लेख शोधा आणि बाटली आणूच नका. पिल्लाला गुबगुबीतही करू नका. भरभर वाढणारं जड शरीर कोवळ्या सांध्यांवरच बसतं. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. शेजारी "बारीक दिसतंय हो" म्हणाले तर म्हणू देत.

वाटी, कप आणि मूठ

"एक वाटी सकाळी, एक वाटी संध्याकाळी." वाटी कुणाची, भरलेली की शीग लावलेली? कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात लोकांना मापाच्या कपांनी कोरडं खाद्य मोजायला दिलं, तर कुणी ४८ टक्के कमी घेतलं, कुणी १५२ टक्के जास्त. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा वापरा. पाच सेकंदांचं काम आहे.

किती द्यायचं, हे पाकिटावरच्या तक्त्यावरून घेतलं तर बऱ्याचदा जास्तच जातं. स्वतः काढा. वजन किलोत घ्या, तीनदा लिहून गुणाकार करा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा, मग ७० ने गुणा. १० किलोसाठी: १०००, मग ३१.६, मग ५.६२, मग ३९४. ही नुसती पडून राहण्याची गरज. नसबंदी झालेल्या प्रौढाला तिच्या १.६ पट, म्हणजे ६३० कॅलरी. दिवसभर लोळणाऱ्याला १.२ ते १.४ पट. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला तिप्पट, पुढे दुप्पट. वजन उतरवायचं असेल तर आजचं नव्हे, हवं असलेलं वजन धरून एक पटच. खाद्याच्या पाकिटावर किलोमागे किती कॅलरी ते लिहिलेलं असतं, भागाकार करा.

हा आकडा सुरुवातीचा आहे. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांची गरज बरीच वेगळी असू शकते. म्हणून दर दोन आठवड्यांनी वजन करायचं आणि दहा टक्क्यांनी वर-खाली करायचं. हे फालतू वाटत असेल तर लॅब्रॅडॉरांवरचा तो प्रसिद्ध प्रयोग आठवा. ४८ कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं. २००२ मध्ये निकाल आला: कमी खाणारे साधारणपणे १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. कमी खाणाऱ्यांना सांधेदुखीही उशिरा आली.

याच घराण्यातली आणखी एक चूक म्हणजे कच्च्या आणि शिजलेल्या वजनाची गफलत. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ३६० कॅलरी असतात, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३०. पाककृतीत कोणतं वजन धरलंय हे न बघता शिजवणाऱ्यांचा कुत्रा एकतर फुगतो, नाहीतर वाळतो.

ट्रीट दिवसाच्या १० टक्के कॅलरींच्या आत. ६३० पैकी ६३. चीजचा २० ग्रॅमचा तुकडा एकटाच ८० चा असतो.

खाज सुटली की खाद्य बदल, पुन्हा बदल

"धान्याची ॲलर्जी असेल" म्हणून धान्यविरहित खाद्य आणायचं, पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून दुसरं, मग तिसरं. कुत्र्यांना अन्नाची ॲलर्जी झालीच तर बहुधा गोमांस, दूध किंवा चिकन यांतल्या प्रथिनांची असते. गहू त्यांच्यामागून येतो. आणि मुळात बऱ्याच खाजेचं मूळ पिसवा किंवा धूळ-परागकण असतात.

खरंच तपासायचं असेल तर कुत्र्याने पूर्वी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन किंवा पशुवैद्याने दिलेलं जलविघटित (म्हणजे अगदी बारीक तुकडे केलेल्या) प्रथिनांचं खाद्य किमान आठ आठवडे द्यायचं. त्या काळात ट्रीट नाही, मांसाच्या चवीच्या गोळ्या नाहीत, चवीची टूथपेस्ट नाही, मुलांच्या हातचा बिस्किटाचा तुकडा नाही. सातव्या आठवड्यात "फक्त एक तुकडा दिला" म्हणणारे सगळं पाण्यात घालतात. बरं वाटलं तर जुनं खाद्य परत देऊन खाज परत येते का ते बघायचं, तेव्हा कुठे निदान पक्कं.

धान्यविरहित खाद्याबद्दल आणखी एक. वाटाणा, मसूर यांचा भरणा असलेल्या अशा खाद्यांचा हृदय फुगण्याच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर केली. थेट कारण सिद्ध झालेलं नाही. पण ज्याला गरजच नाही त्याच्या भांड्यात हा धोका घालावा कशाला?

स्वयंपाकघरातलं विष

यावर चर्चा नको, फक्त आकडे लक्षात ठेवा. झायलिटॉल, काही ठिकाणी ‘बर्च शुगर’ नावाने: किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेलं तरी रक्तातली साखर धोकादायक घसरते, बऱ्याचदा तासाभरात. किलोमागे ०.५ ग्रॅमच्या वर यकृत निकामी होऊ शकतं. शुगर-फ्री च्युइंगम आणि काही पीनट बटरमध्ये असतं, लेबल वाचल्याशिवाय चाटायला देऊ नका. डार्क चॉकलेट ४० ग्रॅम १० किलोच्या कुत्र्याला त्रास द्यायला पुरतं. कांदा-लसूण कच्चा, शिजलेला, पूड, रस्सा, कोणत्याही रूपात नाही. रक्तक्षय काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे "खाल्ला तरी काही झालं नाही" हा पुरावा नव्हे. द्राक्षं आणि बेदाणे: सुरक्षित मात्रा माहीत नाही, म्हणून शून्य. पोटात गेलंच तर पशुवैद्याला फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मिठाचीच विषबाधा होते.

शिजवलेलं हाड: नाही. कच्चं अंडं रोज: नाही.

नवं खाद्य सात ते दहा दिवसांत बदला, एक चतुर्थांश, अर्धं, तीन चतुर्थांश, मग पूर्ण. एका रात्रीत बदलून जुलाब झाले की खाद्याला शिव्या देऊ नका.

लेबल आणि साठवण

डब्यातल्या ओल्या खाद्यावर प्रथिनं ८ टक्के आणि कोरड्यावर २६ टक्के बघून कोरडं "जास्त ताकदीचं" ठरवणारे पाणी विसरतात. ओल्यात ७८ टक्के पाणी, उरलेल्या २२ भागांत ८ म्हणजे ३६ टक्के. कोरड्यात १० टक्के पाणी, ९० भागांत २६ म्हणजे २९. ‘पूरक खाद्य’ असं लिहिलेलं पाकीट रोजचं जेवण म्हणून देऊ नका, कितीही सुंदर चित्र असलं तरी.

कोरडं खाद्य मोठ्या डब्यात ओतून पिशवी फेकून देण्याची सवय मोडा. डब्याच्या तळाशी जुन्या खाद्याचं तेल चिकटून खवट होतं आणि नवा माल त्याच्यावरच पडतो. पिशवीसकट डब्यात ठेवा, तोंड घट्ट दुमडा, उघडल्यापासून सहा आठवड्यांत संपेल एवढीच पिशवी आणा. ओला डबा उघडल्यावर झाकून फ्रीजमध्ये, तीन ते पाच दिवस. पिशवीवरचा बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख यांचा फोनवर फोटो काढून ठेवा, म्हणजे माल परत मागवल्याची बातमी आली तर कचऱ्यात हात घालावा लागणार नाही.