कोणते कौशल्य शिकायला घ्यावे, हे ठरवताना

नवे कौशल्य शिकायला घेण्यापूर्वी ते कामासाठी हवे आहे की आनंदासाठी, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. दोन्हींच्या कसोट्या वेगळ्या आहेत आणि अर्ध्यावर सुटलेल्या अनेक अभ्यासक्रमांच्या मुळाशी याच दोहोंची गल्लत असते.

कामासाठी शिकायचे असेल, तर बाजारात कशाला मागणी आहे याच्या याद्या चाळण्याआधी आपल्याच गेल्या महिनाभराच्या कामाकडे पाहावे. सर्वाधिक वेळ कशात गेला, कोठे दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागले आणि कोणती चूक पुन्हा पुन्हा निस्तरावी लागली, हे कागदावर उतरवले की उत्तर बरेचदा समोरच असते, आणि ते हिरमोड व्हावा इतके साधे असते. समजा, दोन याद्यांमधली नावे एकेक करून ताडून पाहण्यात दर आठवड्याला अर्धा दिवस जातो. अशा व्यक्तीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लांबलचक अभ्यासक्रमाला नाव नोंदवण्याआधी स्प्रेडशीटमधील व्हीलुकअप (एका यादीतली नोंद दुसरीत आपोआप शोधणारे सूत्र) आणि पिव्हट टेबल (नोंदींचा गटवार गोषवारा मांडणारा तक्ता) शिकून घ्यावे. त्याला काही संध्याकाळी पुरतात आणि वापर दुसऱ्याच दिवशी सुरू होतो.

वापर लगेच सुरू होणे, ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची कसोटी आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो. अर्थपूर्ण गोष्टी अधिक टिकतात हे खरे. तरीही ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ एवढ्याच कारणाने शिकलेले उपयोगाची वेळ येईपर्यंत बरेचसे पुसले गेलेले असते.

त्यानंतर ते कौशल्य किती काळ चालेल, हे पाहावे. अ‍ॅडोबीने संकेतस्थळांवरील चलत्चित्रे दाखवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला, तेव्हा ज्यांना केवळ फ्लॅशपुरते तंत्र ठाऊक होते त्यांचे ज्ञान बरेचसे निकामी ठरले. ज्यांना चलत्चित्रातली गती आणि लय कळत होती, त्यांना दुसरे साधन हाताळणे जड गेले नसावे. याउलट १९७० च्या दशकात जन्मलेली एसक्यूएल ही भाषा माहितीसाठ्यांच्या कामात आजही रोज वापरली जाते.

खर्चाचा हिशेब पैशांपेक्षा तासांत करावा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजीभाषकांना कामापुरती स्पॅनिश येण्यासाठी वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास धरते, तर जपानीसाठी सुमारे २,२०० तास. आठवड्याला पाच तास दिले, तर २,२०० तासांना आठ वर्षांहून अधिक काळ लागतो. अर्थात, प्रवासात रस्ता विचारण्यापुरती भाषा हवी असेल तर हे गणित लागू होत नाही. म्हणून किती यायला हवे, हे आधी ठरवावे.

आनंदासाठी शिकताना मात्र उपयोगाचा प्रश्न बाजूला ठेवावा आणि रोजचा सराव आवडतो का, एवढेच तपासावे. गिटार वाजवता येणे सर्वांनाच हवे असते; पण पहिले काही आठवडे म्हणजे तारांनी हुळहुळलेली बोटांची टोके आणि एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना दर वेळी तुटणारा ठेका. त्यातही बसावेसे वाटत असेल, तर पुढे सामान्य वादक राहिले तरी काही बिघडत नाही. हे कळण्यासाठी महागडे वाद्य विकत घेण्याची गरज नाही. कोणाकडून तरी महिनाभर मागून आणावे.

एका वेळी कामाचे एक आणि हौसेचे एक, याहून अधिक काही हाती घेऊ नये. सुरुवातीलाच आढाव्याची तारीख लिहून ठेवावी आणि त्या दिवशी आजवर किती वेळ दिला हे न मोजता, पुढचा महिना यालाच द्यावासा वाटतो का, एवढेच पाहून पुढे जायचे की थांबायचे ते ठरवावे.