सिझरचं बाळ: श्वास मोजा, चीक पाजा

ठरवून सिझर करायचं असेल आणि घाईचं वैद्यकीय कारण नसेल, तर तारीख ३९ आठवडे भरल्यानंतरची घ्या. मुहूर्त गाठायला ३७व्या आठवड्यात बाळ बाहेर काढलं, की त्याची किंमत त्याची फुफ्फुसं मोजतात. पोटात असताना ती पाण्याने भरलेली असतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगात वाढणारी संप्रेरकं ते पाणी शोषून घ्यायला लावतात. कळांशिवाय जन्मलेल्या बाळात ते मागे राहू शकतं, मग बाळ धापा टाकतं. बहुतेकांची धाप दोन-तीन दिवसांत उतरते, पण तोवर ऑक्सिजन लागू शकतो.

म्हणून श्वास मोजायला शिका. बाळ शांत झोपलं असताना दुपटं बाजूला करून पोटाकडे बघा. पोट एकदा वर आलं की एक. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण नवजात बाळ मध्येच पाच-सात सेकंद थांबतं आणि मग भराभर श्वास घेतं. ४० ते ६० ठीक. त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजा. तरी जास्तच असतील तर नर्सला हाक मारा. बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत न बसता लगेच. अशा वेळी पाजायचं नाही, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आता दूध. सिझरनंतर पान्हा उशिरा फुटतो आणि तेवढ्यात घरचे पावडरचा डबा आणतात. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर, ५-७ मिली चीक (आईचं पहिलं घट्ट दूध) पुरतो. भूल कमरेतून दिली असेल तर पहिल्या तासातच बाळाला छातीशी द्यायला सांगा. टाके दुखू नयेत म्हणून बाळ काखेत घ्या: कुशीला उशी, पाय आईच्या पाठीकडे, मान-खांदे तळहातावर. डोकं मागून दाबू नका, बाळ तोंड फिरवतं. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजा. मध, गूळपाणी, घुटी काही नको.

सिझरऐवजी व्हॅक्यूम (बाळाच्या डोक्याला चिकटवून ओढायची वाटी) लावून प्रसूती झाली असेल तर डोकं बघा. मऊ पसरट सूज सहसा दोन-तीन दिवसांत जाते. एकाच बाजूला टेंगूळ असेल तर आत रक्त साकळलेलं असतं. ते विरताना कावीळ वाढू शकते, म्हणून डॉक्टरांना दाखवा. आणि मालिशवाल्या मावशींना ते चोळून ‘बसवू’ देऊ नका.