हँग वेगळं, रिस्टार्ट वेगळं: नव्या मशीनची दुरुस्ती शिकताना

नवीन असेंबल केलेली मशीन, म्हणजे सुटे भाग जोडून बांधलेला कॉम्प्युटर, आठवड्याभरात दुकानात परत आली की शिकाऊ पोराचा हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो. कॅबिनेट उघडायचं, रॅम काढून खोडरबराने पुसायची, परत बसवायची, आणि विंडोज उघडलं की काम झालं म्हणून पाठवून द्यायचं. चार दिवसांनी मशीन पुन्हा दारात. गोव्यातल्या फोंड्यात मी बरीच वर्षं हेच काम करतोय. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना, मग ते आयटीआयचा हार्डवेअरचा ट्रेड करून आलेले असोत की यूट्यूब बघून शिकलेले, माझं पहिलं सांगणं असतं की उघडण्याआधी विचारा. काय होतं ते गिऱ्हाईक न विचारता सांगतं. कधी होतं, ते आपल्याला काढून घ्यावं लागतं.

चित्र जिथल्या तिथे थिजणं, निळा पडदा येऊन रिस्टार्ट होणं, आणि लाइट गेल्यासारखी मशीन एका क्षणात काळी होऊन परत सुरू होणं, या तिन्ही तक्रारी "सारखी बंद पडते" याच शब्दांत येतात. दुसऱ्या प्रकारात तर निळा पडदा कोणाला दिसतही नाही, कारण विंडोज मुळातच त्यानंतर आपोआप रिस्टार्ट होण्यावर ठेवलेलं असतं. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन आपोआप रिस्टार्टची टिक काढा. पुढच्या वेळी पडदा थांबेल आणि त्यावरचा कोड वाचता येईल.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की नवी पोरं लगेच "एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) गेला" असं ठरवून टाकतात. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. लाइट गेली तरी ४१ येतो, बटण दाबून धरलं तरी येतो. त्याच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल, तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही. म्हणजे वीज, रीसेट किंवा पार थिजलेला बोर्ड. शून्याऐवजी आकडा असेल तर तो निळ्या पडद्याचा कोड, रस्ता वेगळा. आजूबाजूला 'व्हीया-लॉगर'ची (WHEA-Logger) नोंद सापडली तर मात्र सॉफ्टवेअरमागे वेळ घालवू नका, ती तक्रार हार्डवेअरने स्वतः केलेली असते.

आता 'कधी'. गेम किंवा रेंडर (डिझाइनवरून पक्कं चित्र तयार करण्याचं जड काम) चालू असताना मरते तर उष्णता किंवा वीज. काहीच करत नसताना, नुसती उघडी ठेवल्यावर थिजते, तर लोक बुचकळ्यात पडतात. पण एएमडीच्या सुरुवातीच्या रायझन प्रोसेसरांवर हे बरंच व्हायचं: प्रोसेसर गाढ झोपेत गेला की इतका कमी करंट ओढायचा की काही एसएमपीएसना ते झेपायचं नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' म्हणून एक सेटिंग असतं, ते 'टिपिकल' केलं की बहुतेक वेळा थांबायचं. स्ट्रेस टेस्ट रात्रभर पास होणारी मशीन सकाळी नुसत्या डेस्कटॉपवर थिजलेली सापडते, ती अशाने.

आणि कधी कधी प्रश्न असतो कुठे होतं हा. सावईवेऱ्याकडच्या एका घरची मशीन आमच्याकडे आली होती. मुलगी आर्किटेक्चर शिकणारी, त्यासाठी चांगलं ग्राफिक्स कार्ड घालून बांधून घेतलेली. दुकानात सगळ्या टेस्ट पास. "तुमच्याकडे बरी चालते, घरी आणली की तिला काय होतं देव जाणे," हे तिच्या आईचं गाऱ्हाणं. मी विचारलं, "काकी, साधारण कुठल्या वेळेला?" त्यांना आठवेना. मुलगी म्हणाली, "दादा, रात्री कधीच नाही. सकाळी मात्र हमखास." हे ऐकल्यावर मशीन त्यांच्या घरी लावून बघण्याशिवाय इलाज नव्हता.

रेंडर लावून बसलो. थोड्या वेळाने बाहेर कुळागरातला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतला, पंप सुरू झाला. खोलीतला बल्ब क्षणभर मंद झाला, टेबलाखालच्या यूपीएसमध्ये 'टक्' आवाज झाला, एक लांबलचक बीप, आणि स्क्रीन काळी. पाठोपाठ पंखे पुन्हा फिरायला लागले. पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. गावातल्या लांब लाइनवर तेवढ्याने व्होल्टेज खाली बसतं. यूपीएस बॅटरीवर जातो. तो होता ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॉटचा, तोही नवा असताना. २२० वॉटचं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून रेंडरच्या वेळी त्याच्या डोक्यावरून जात होते. रात्री पंप बंद, म्हणून रात्री तक्रार नाही. आमच्या दुकानात तर यूपीएसच मोठा.

यामागचं तंत्र समजून घ्या, रोज उपयोगी पडेल. एसएमपीएसमधून बोर्डाकडे एक राखाडी वायर जाते, 'पॉवर गुड'ची. आतली व्होल्टेज ठीक आहेत तोवर त्यावर ५ व्होल्ट असतात. वीज तुटली तरी चांगला एसएमपीएस आपल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांवर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएसला बॅटरीवर जायला तेवढा वेळ पुरतो. पण पलीकडून यूपीएसच बसला तर राखाडी वायर खाली जाते आणि बोर्ड रीसेट होतो. विंडोजला यातलं काहीच कळत नाही, म्हणून नोंद ४१ ची आणि कोड शून्य. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना गुळगुळीत साइन वेव्ह न देता पायऱ्यापायऱ्यांची वीज देतात, आणि ॲक्टिव्ह पीएफसीच्या (ओढलेला करंट विजेच्या लाटेशी जुळवून घेणाऱ्या) काही एसएमपीएसना तीही मानवत नाही. म्हणून यूपीएस सुचवताना वॉट बघा, व्हीए नाही. आणि निदान करताना एकदा यूपीएस बाजूला काढून मशीन सरळ भिंतीच्या सॉकेटवर चालवून बघा.

घरी गेलातच तर मल्टीमीटर घेऊन जा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टांच्या आत, असं यायला हवं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार आपल्याकडे नेहमीची. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, ११५ च्या आसपास, येऊन बसतं. मशीन बिघडलेली नसते, तिसरी पिन मागे कशालाच जोडलेली नसते. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो आणि मागे वायरी दोनच. जांभ्याच्या जमिनीत केलेलं अर्थिंग एप्रिल-मे मध्ये कोरडं पडतं, हेही लक्षात असू द्या. हे काम इलेक्ट्रिशियनचं. आपण सांगायचं, करायला जायचं नाही.

यूपीएस बदलल्यावर त्या मुलीच्या मशीनचं रिस्टार्ट थांबलं. अधूनमधून हँग होणं मात्र राहिलं. एका मशीनला दोन दुखणी असू शकतात, आणि दोन्ही एकाच कारणात कोंबायला गेलात की घोळ होतो. तिच्या बोर्डावर रॅमच्या चार पट्ट्या होत्या, दोन मूळच्या, दोन नंतर दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या, आणि बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वाढीव वेग, चालू. पट्टीच्या खोक्यावर ३६०० लिहिलेलं असतं तो वेग काही आपोआप मिळत नाही. डीडीआर४ पिढीची पट्टी लावल्यावर ती साधारण २१३३ ते २६६६ वर उठते, डीडीआर५ बहुधा ४८०० वर. त्यापुढचा वेग म्हणजे एक्सएमपी किंवा एएमडीकडचं एक्स्पो, आणि तो ओव्हरक्लॉकच. दोन पट्ट्यांवर चालणारा वेग चारांवर चालेल याची खात्री कोणीच देत नाही.

रॅम तपासणारी मेमटेस्ट पेनड्राइव्हवरून सुरू करून संध्याकाळी लावून ठेवायची, सकाळी बघायची. चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या, आणि एकही चूक आली तरी नापास. "एकच तर आली" असं इथे चालत नाही. तिच्या मशीनवर चूक चारही पट्ट्या ३६०० वर असतानाच यायची. एकेकटी पट्टी लावली की सगळ्या निर्दोष. दोष पट्टीत नाही, मेळात, हे कळायला ही एकेक करून बघायची पद्धतच लागते. ३२०० वर उतरवलं, रात्रभर चालवलं, चूक नाही. तिला वेगातला फरक जाणवलासुद्धा नाही. दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घाला, बहुतेक बोर्डांना तेच हवं असतं. आणि डीडीआर५ ची मशीन पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. ती रॅमची घडी बसवत असते. घाबरून स्विच बंद करू नका.

बांधणीतल्या गफलती लवकर आटोपतो, कारण त्या डोळ्यांना दिसतात. कूलरच्या तळाचा प्लास्टिकचा कागद काढायचा राहिलेला. इंटेलच्या डब्यातल्या कूलरची चार पायांतली एक पिन वर आलेली. बोर्डाखाली नको तिथे राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारा खुंट). प्रोसेसरच्या पॉवरची वायर अर्धवट बसलेली. रीसेटच्या बटणाची वायर चेपलेली. ती बोर्डावरून काढून ठेवली तर अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. काहीच सापडेना तर बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवा, एक पट्टी, प्रोसेसर, कूलर एवढंच लावा. अँटीस्टॅटिक पिशवीवर ठेवून चालू करू नका, काही पिशव्यांचा बाहेरचा थर वीज वाहून नेतो.

तापमान एचडब्ल्यू इन्फो या प्रोग्राममध्ये बघा. नवे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांपर्यंत स्वतःला सांभाळतात, आधी वेग कमी करतात, मग नाइलाजाने बंद होतात. त्यामुळे ९० दिसलं म्हणून कारण सापडलं असं नाही. रेंडर सुरू करताच काही सेकंदांत ४० वरून १०० वर उडी मारत असेल, तर कूलर टेकलेलाच नाही.

भाग खराब निघतात, पण नवी पोरं समजतात त्यापेक्षा कमी. एक अपवाद माहीत हवा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये अस्थिरतेचा दोष होता. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागायचा आणि हळूहळू झिजायचा. २०२४ मध्ये कंपनीने ते मान्य केलं, बायोसमधून मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेट पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. असा प्रोसेसर समोर आला तर बायोसची तारीख सर्वात आधी बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. रॅम बदलली, बायोस अपडेट केला, यूपीएसही काढला आणि मशीन चालली, तर गिऱ्हाईकाकडून पैसे कशाचे घेणार?

वॉरंटीला भाग पाठवण्याआधी प्रोसेसरच्या सॉकेटचा जवळून, उजेडात फोटो काढा. पिन वाकलेली दिसली की बोर्डाची वॉरंटी नाकारतात, आणि ती कोणाच्या हातून वाकली यावर मग वाद. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. कूलर सरळ ओढला तर वाळलेल्या पेस्टसकट प्रोसेसर उपटून हातात येतो, म्हणून मशीन थोडी तापवून, कूलर पिळत काढा. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहा. आमच्याकडून माल बाहेर जातो, परत यायला वेळ लागतो, आणि पावसाळ्यात आणखी. तेवढ्या दिवसांत गिऱ्हाईकाला वापरायला एखादा जुना एसएमपीएस, एखादी रॅमची पट्टी दुकानात बाजूला ठेवलेली असावी.