ईजीआर व्हॉल्व्ह: बदलला नाही, साफ केला

ईजीआर व्हॉल्व्ह म्हणजे एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, सोडणारी झडप. गाडी डिझेल, फिरते बहुतेक शहराच्या ट्रॅफिकमध्ये. खंबाटकीच्या चढाला पिकअप मिळेना, मागे काळा धूर, सिग्नलला उभी राहिली की इंजिन थरथरायचं. चेक इंजिनचा दिवा लागताच स्कॅनर जोडला. कोड पी०४०२, म्हणजे एक्झॉस्टचा गॅस गरजेपेक्षा जास्त इनटेकमध्ये परत येतोय. लाइव्ह डेटात कमांड शून्य टक्के, म्हणजे पूर्ण बंद राहा; व्हॉल्व्ह मात्र पंधरा टक्क्यांच्या आसपास उघडाच.

गॅरेजवाल्याचं एकच पालुपद, नवीन टाका. म्हटलं, आधी खोलून तर बघू. इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह काढली, कनेक्टर सोडवला, बोल्ट ढिले केले. आत डांबरासारखी चिकट काजळी, आणि नेमका तिचा एक खडा सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो तिथेच, अडकलेला! कार्ब क्लीनर मारून नायलॉन ब्रशने घासत बसलो. मोटरच्या बाजूला थेंबही जाऊ दिला नाही. पिन बोटाने दाबून सोडली की टक्कन बसायला लागली, तेव्हा थांबलो. गॅस्केट नवीन टाकली, कोड पुसला.

ब्लँकिंग प्लेट, म्हणजे गॅसची वाट अडवणारी पट्टी, ठोकून व्हॉल्व्ह बंद करायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. ज्वलनाचं तापमान खाली ठेवून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणं हेच व्हॉल्व्हचं काम, आणि प्रवाह थांबला की पी०४०१, म्हणजे गॅस कमी येतोय हा कोड, घेऊन दिवा पुन्हा हजर.