बंद पडलेली मोटारसायकल पुन्हा सुरू करताय? या चुका टाळा

वर्षानुवर्षे उभी असलेली मोटारसायकल झाकणाखालून बाहेर काढली की बहुतेकांचा पाय सर्वांत आधी किकवर जातो. इंजिन चालते की नाही हे एकदा कळू दे, बाकीचे मग बघू, असा विचार त्यामागे असतो. परंतु इतकी वर्षे उभे राहूनही इंजिनाचे जे नुकसान झालेले नसते, ते बहुधा या पहिल्या काही किकांमध्येच होते. म्हणून या लेखातील पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच आहे.

इंजिन बंद असताना सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल हळूहळू खाली उतरते आणि भिंत कोरडी पडते. इंजिन ज्या स्थितीत थांबले त्या स्थितीत एखादा व्हॉल्व्ह (सिलिंडरमध्ये हवा आत-बाहेर सोडणारी झडप) उघडा राहिला असेल, तर तेथून दमट हवा आत शिरत राहते आणि पिस्टन थांबलेल्या जागी त्याच्यावरच्या कड्यांभोवती, म्हणजे रिंगांभोवती, गंज धरतो. अशा इंजिनाला जोराची किक मारली की रिंग तुटते, गंजाचे कण बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) चरे पाडतात आणि कधी कधी किकच्या गिअरचे दातही जातात. चारस्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह गाइडमध्ये (तो ज्या नळीत सरकतो तिच्यात) अडकलेला असेल, तर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला लावणारा दांडा) वाकण्याचा किंवा पिस्टन व्हॉल्व्हवर आदळण्याचा धोका वेगळाच.

त्याऐवजी स्पार्क प्लग काढावा. मात्र काढण्यापूर्वी त्याच्या भोवतीची माती हवेने किंवा ब्रशने साफ करावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. प्लग घट्ट बसला असेल तर गंज सोडवणारे तेल आट्यांवर टाकून थांबावे आणि पाना थोडा उलटा, थोडा सुलटा असा फिरवत राहावे, कारण एकदम जोर लावल्यास ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटेच प्लगबरोबर बाहेर येतात. नंतर प्लगच्या छिद्रातून एक-दोन चमचे इंजिन ऑइल आत सोडून गाडी एक-दोन दिवस तशीच ठेवावी. त्यानंतर वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने अगदी हळू पुढे-मागे करावे. किकपेक्षा चाकावरून इंजिनाचा अडथळा हाताला स्पष्ट जाणवतो, आणि गाडी किती सोसेल याचा अंदाज येतो. इंजिन थोडेसे हलले तरी तेवढ्यावर थांबून पुन्हा तेल मुरू द्यावे. मुळीच हलत नसेल तर हातोडी किंवा लांब पाइप न वापरता हेड उघडणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. इंजिन मोकळे फिरू लागले की टॅपेटचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचे) झाकण काढून दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण वर येतात का, ते डोळ्यांनी पाहावे.

जुन्या इंजिन ऑइलवर गाडी सुरू करणे ही दुसरी चूक. वर दिसणारे ऑइल स्वच्छ असले तरी तळाशी पाणी साचलेले असू शकते. ते पूर्ण काढून नवे भरावे आणि प्लग बाहेर ठेवूनच इंजिन सावकाश फिरवत राहावे, म्हणजे भार न पडता ऑइल सगळीकडे पोहोचते. टूस्ट्रोक गाड्यांत क्रँकची (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याची) रबरी ऑइल सील कडक होऊन हवा ओढू लागतात. त्यामुळे मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन जाम होतो. टूस्ट्रोक इंजिन सुरू झाल्यावर आपोआप वेगात पळू लागले, तर या सीलची शंका आधी घ्यावी.

पेट्रोल आणि कार्बोरेटर

टाकीतील जुन्या पेट्रोलमध्ये नवे पेट्रोल मिसळून काम भागत नाही. जुन्या पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल तर हवेतील ओलावा शोषून घेते आणि पुढे त्यातील पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. टाकी, पेट्रोल कॉक, नळी आणि फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधील पेट्रोल साठणारी वाटी) हे सगळे रिकामे करून साफ केल्याशिवाय नवे पेट्रोल भरू नये. टाकीत गंज असताना केवळ नळीवर फिल्टर बसवणे ही तात्पुरती समजूत आहे, कारण फिल्टर वारंवार तुंबत राहतो. सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने गंज काढता येतो. त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी धुऊन लगेच पूर्ण वाळवावी, कारण ओली राहिलेली टाकी काही तासांत पुन्हा गंजते. रिकाम्या टाकीजवळ ज्योत किंवा वेल्डिंग कदापि नेऊ नये, कारण आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

कार्बोरेटरमधील पायलट जेटचे (गाडी जागेवर चालताना पेट्रोल पुरवणाऱ्या पितळी तुकड्याचे) छिद्र इतके बारीक असते की ते उजेडासमोर धरल्याशिवाय तुंबले आहे की नाही हे कळत नाही. ते पोलादी सुईने टोकरू नये. पितळ मऊ असल्यामुळे छिद्र मोठे होते आणि मग कितीही ट्यूनिंग केले तरी गाडी जागेवर नीट चालत नाही. विजेच्या वायरमधील तांब्याचा एक बारीक धागा आणि कार्ब क्लीनर पुरेसे असतात. मात्र स्प्रे मारण्यापूर्वी रबरी भाग काढून ठेवावेत, कारण ते फुगतात. जोडणी झाल्यावर कॉक उघडा ठेवून दहा मिनिटे निरखावे. फ्लोटची नीडल (पेट्रोल भरल्यावर ते थांबवणारी सुई) अडकली असेल तर पेट्रोल बाहेर ठिबकते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, इंजिनात उतरून ऑइल पातळ करते. ऑइलची पातळी वाढली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर ते लगेच बदलावे.

बॅटरी विकत घेण्यापूर्वी गाडी ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची, हे पाहावे. अनेक जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या असतात. उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का आणि एअर फिल्टरच्या डब्यात किंवा सायलेन्सरमध्ये घरटे केले आहे का, हेही तपासावे. स्पार्क पाहताना प्लग इंजिनाच्या धातूला टेकवावा, पण उघड्या छिद्रापासून दूर, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

सुरू होण्याआधी थांबण्याची सोय

इंजिन चालू झाल्याच्या आनंदात ब्रेक विसरले जातात, आणि माझ्या मते ही बेफिकिरी सर्वांत धोक्याची आहे. ड्रमब्रेकमध्ये शूवरचे लायनिंग सुटून चाक अचानक जाम होऊ शकते, म्हणून ड्रम उघडूनच पाहावा. डिस्कब्रेकमधील फ्लुइड ओलावा शोषते, त्यामुळे ते पूर्ण बदलावे आणि कॅलिपरचा (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन मोकळा सरकतो का ते बघावे. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते: २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. त्यावरून वय कळते. बाजूला चिरा दिसल्या तर टायर आणि ट्यूब दोन्ही बदलावेत.

तरीही सुरू होत नसेल तर

किका मारून प्लग काढावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर स्पार्क कमकुवत आहे किंवा पेट्रोल जास्त येते आहे. केवळ चोकवर चालत असेल, तर पायलट जेट तुंबले आहे किंवा इनटेकच्या (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या) रबरातून हवा शिरते आहे. काही मिनिटे चालून बंद पडत असेल तर टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचे हवेचे छिद्र बंद आहे. क्लच दाबूनही गाडी पुढे ओढत असेल तर प्लेटा चिकटल्या आहेत. इंजिन बंद ठेवून, वरच्या गिअरमध्ये, क्लच दाबून गाडी पुढे-मागे ढकलल्यास त्या अनेकदा सुटतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे नेमका दोष कुठे होता हे कळते.

पहिल्यांदा इंजिन उघड्यावरच सुरू करावे. सिलिंडरमध्ये टाकलेले ऑइल जळेपर्यंत धूर येणारच; मात्र इंजिन गरम झाल्यावरही निळा धूर थांबला नाही, तर रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सील तपासाव्या लागतील. आतला गंज आणि काजळी पहिल्या ऑइलमध्ये उतरते, म्हणून सुरुवातीच्या शे-दीडशे किलोमीटरनंतर ते गरम असतानाच काढून पुन्हा नवे भरावे.