पावसाळ्याआधी गल्लीतला जुना लाइटचा खांब कसा बघायचा

मुंबईच्या खाऱ्या हवेत लोखंडी खांब वरून चकाचक दिसतो, रंगही नवीन असतो, पण बघायची जागा म्हणजे बुंधा, जिथे खांब काँक्रीटच्या कॉलरमधून वर येतो तिथे, कारण पाणी तिथेच साचतं आणि गंज तिथूनच खातो. मे महिन्यातच बघून घ्या. रंगाला फुगे आलेत का, पापुद्रे सुटलेत का, कॉलर आणि खांबाच्या मध्ये फट पडलीय का, खालचं झाकण निघून वायरी बाहेर लोंबतायत का. हे सगळं लांबूनच हां, हात लावू नका, हलवून तर अजिबात बघू नका, करंट उतरलेला असू शकतो.

ठोकून बघायचं काम लाइनमनचं. सप्लाय बंद करून बुंध्याजवळ थोडं खणतात आणि हातोडी मारतात, धड लोखंड टणटणीत वाजतं, गंजलेलं बद्द. लाकडी खांब असेल तिथेही हातोडीच, शिवाय ड्रिल मारून आतला भुसा बघतात, ओला काळपट निघाला की समजायचं आतून कुजलाय.

बदलायचा ठरला की नवा शेजारीच उभा करतात, साधारण लांबीचा सहावा भाग जमिनीत, म्हणजे ९ मीटरचा असेल तर दीड मीटर. मग वायरी नव्यावर घेतात, अर्थिंग करतात आणि जुना काढतात. त्याचा खुंट फुटपाथवर राहिला तर मागे लागून काढायला लावाच, म्हातारी माणसं अडखळून पडतात.

तक्रारीत खांबाचा नंबर आणि बुंध्याचा फोटो द्या. खांब झुकलाच असेल तर लगेच वीज कंपनीला आणि पालिकेच्या १९१६ ला फोन करा, आणि तोपर्यंत पोरांना तिकडे फिरकू देऊ नका.