लाकडी गोल खांबांचे कुंपण: या चुका टाळा

कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांना तारेचे कुंपण घालताना सिमेंटचे किंवा लोखंडी अँगलचे खांब घेण्याचा प्रघात आता पडला असला, तरी आपल्याच बांधावर वाढलेल्या झाडांचे गोल खांब हा पर्याय आजही किफायतशीर आणि निसर्गाला धरून आहे. अट एवढीच की, खांब कुजण्याआधी त्याच्या जागी लावायचा पुढचा खांब बांधावर वाढून तयार झाला पाहिजे. दोन-तीन पावसाळ्यांत खांब मोडून पडत असतील, तर असे कुंपण परवडणारे तर नाहीच, शिवाय त्यापायी झाडेही नाहक जातात.

पहिली चूक खांब निवडतानाच होते. ‘साग आहे, म्हणजे टिकणारच’ असे धरून विरळणीत निघालेले तीन-चार इंची सागाचे वासे सर्रास पुरले जातात. सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो. कोवळ्या वाशात तो गाभा जेमतेम असतो आणि भोवतीचे पांढरट कच्चे लाकूड, ते सागाचे असो वा आणखी कशाचे, वाळवी आणि बुरशी लवकरच खाऊन टाकतात. म्हणून खांब घेताना कापलेले टोक पाण्याने ओले करून पाहावे. गडद गाभा आणि फिकट कडा वेगळ्या दिसतात आणि गाभा किती आहे ते तिथेच कळते. निलगिरी, सुरू, सुबाभूळ ही झपाट्याने वाढणारी झाडे खांबासाठी जरूर वापरावीत, पण प्रक्रिया केल्याशिवाय, म्हणजे कीड-बुरशी रोखणारे द्रावण लाकडात मुरवल्याशिवाय, त्यांना जमिनीत घालू नये. साग, खैर, ऐन आणि किंजळ ही झाडे महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत असल्याने, ती स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते.

तोडलेला खांब सालीसकट रचून ठेवणे ही दुसरी चूक. सालीखाली ओल धरून राहते आणि पोखरणारे भुंगेरे तिथेच अंडी घालतात. लाकूड ओले असेपर्यंत साल सहज सुटते, त्यामुळे तोडल्यावर दोन-चार दिवसांतच ती काढावी आणि खांब जमिनीला न टेकवता, आडव्या ओंडक्यांवर, सावलीत वाळत घालावेत. बाभळीच्या खांबांतून पिठासारखा भुसा गळू लागला, तर कच्च्या लाकडातल्या पिष्टावर कीड पोसली जात आहे असे समजावे. तोडल्याबरोबर खांब काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत हे पिष्ट कमी करते, म्हणून ती सोडू नये.

खांब कुजतो कुठे?

कुजलेला खांब उपटून पाहिला, तर बहुधा त्याचे खालचे टोक शाबूत असते आणि वरचा भागही खणखणीत असतो. गेलेली असते ती जमिनीलगतची वीतभर जागा. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोल मातीत हवा कमी, उघड्या भागात ओल कमी, आणि जमिनीलगत मात्र दोन्ही भरपूर. सगळी काळजी या वीतभर पट्ट्याची घ्यायची असते, आणि नेमकी तिथेच घाई केली जाते.

ओल्या खांबाला डांबर फासणे ही त्यातली सर्वांत महागात पडणारी घाई. बाहेरून काळा लेप बसतो, आतली ओल कोंडते आणि लाकूड आतून कुजते. डांबर लावायचेच असेल तर पूर्ण वाळलेल्या खांबाला, जमिनीच्या वर-खाली वीतभर येईल असे लावावे. टोक जाळून काळे केल्यानेही पुरेसे संरक्षण मिळत नाही, आणि इंजिनाचे जळके ऑईल तर जमिनीत झिरपत असल्याने अजिबात वापरू नये. बोरिक-बोरॅक्सचे द्रावण किडीवर उत्तम चालते, पण ते पावसात धुऊन जाते. म्हणून ते छपराखालच्या वाशांना ठीक, जमिनीतल्या खांबाला नाही.

दुसरी घाई म्हणजे खड्ड्यात काँक्रीट ओतून मोकळे होणे. लाकूड वाळून आकसले की त्याच्या आणि काँक्रीटच्या मधल्या फटीत पावसाचे पाणी साचते आणि खांब त्या पेल्यात उभा राहतो. त्याऐवजी तळाला खडी घालावी, खांब उभा करून माती व खडी थराथराने पहारीने ठासावी आणि पाणी बाहेर वळेल असा उंचवटा करावा. साडेचार फुटी कुंपणासाठी किमान दोन फूट खांब जमिनीत हवा. वरचे टोक तिरके कापावे.

तार ढिली पडत असेल तर

तार वारंवार ओढून घेण्याआधी कोपऱ्याचा खांब पाहावा. तो आत झुकला असेल, तर दोष तारेचा नाही. कोपऱ्याच्या खांबाशेजारी दुसरा खांब उभा करून दोघांच्या वरच्या भागात आडवा वासा बसवावा आणि कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापासून शेजारच्या खांबाच्या डोक्यापर्यंत तिरकी तार पिळून ताणावी. ही तार अनेकदा उलट, म्हणजे कोपऱ्याच्या डोक्यापासून शेजारच्या बुडाकडे बांधली जाते, आणि मग ती काहीच काम करत नाही. कोपऱ्यावर अशी जोडी दोन्ही दिशांना लागते. मधल्या खांबांवरचे यू-खिळे किंचित तिरके ठोकावेत, म्हणजे लाकूड चिरत नाही, आणि तार सरकेल इतपतच आत न्यावेत.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी खांबाच्या बुडाची माती चार-सहा इंच उकरून तिथे पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत गेला, तर खांब बदलण्याची वाट न पाहता शेजारी गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) पाच-सहा फुटी जून फांदी लावावी. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली फांदी रुजते आणि पाल्याचे हिरवळीचे खतही मिळते. तिने मूळ धरेपर्यंत तिला तार बांधू नये, आणि पुढेही थेट खिळा न ठोकता मध्ये लाकडाची पट्टी घालावी, नाहीतर खोड जाड होताना तार पोटात घेते.

बाजारात मिळणारे हिरवट झाक असलेले खांब बहुधा तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या द्रावणाने मुरवलेले असतात. ही पद्धत 1933 मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी शोधली आणि ती जगभर पसरली. असे खांब खूप टिकतात, पण त्यांचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत कधीही जाळू नयेत. धुरात आणि राखेत आर्सेनिक येते, म्हणून ती राख झाडांच्या बुंध्यातही टाकू नये.